मापाची दोरी

(नाताळच्या तयारीसाठी नाशिक येथे भरलेल्या महिला मंडळाच्या सभेत, पेठ तालुक्यातील आपल्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंनी केलेले भाषण.)



आगमनकाळ जवळ आला की तुमचे निरोप येऊ लागतात. मुलींसाठी यंदा काय पाठवू? किती मुली आहेत? कोणत्या मापाचे कपडे लागतील? त्या प्रत्येक निरोपाबद्दल मी देवाचे आभार मानते. यंदा अध्यक्षबाईंनी मला बोलायला विषय दिला आहे, ‘घरी केलेली भेट’. विषय लहान वाटतो. पण आमच्या वसतिगृहात या विषयावर हसू फुटते, डोळ्यांत पाणीही येते. म्हणून जे रोज पाहते तेच सांगणार आहे. त्यातून तुमच्याकडे तीन मागण्याही करणार आहे. त्या शेवटी सांगेन, तोवर कोणी उठू नये.

आधी आपल्या घरांपासून सुरुवात करू. नाताळच्या आधीचा आठवडा आपल्या घरी कसा असतो? सारण भाजल्याचा वास दारापर्यंत येतो. एक जण करंज्या लाटते, एक भरते, आणि मुरड घालण्याचे काम ज्या हाताला जमते त्याच हाताकडे जाते. शंकरपाळी कापायला मुले बसतात आणि निम्मे पीठ खाऊन टाकतात. डोनट कापायला वाटी आणि मधले भोक पाडायला बाटलीचे झाकण. बाहेर मोठी मुले बांबूच्या कामट्या बांधून तारा करतात, त्याला खळीने पतंगी कागद चिकटवतात. तारा थोडा वाकडा होतो. तरी तोच दारावर लागतो, कारण तो घरच्या मुलांनी केलेला असतो.

मग ताटे भरतात. वर क्रोशाचा रुमाल. शेजारी हिंदू असोत, मुसलमान असोत, बौद्ध असोत, ताट सगळ्यांकडे जाते. दिवाळीला त्यांच्याकडून आलेले असते, ईदला शिरखुर्मा आलेला असतो. आणि आपल्या आयांनी आपल्याला एक गोष्ट शिकवलेली आहे की कोणाचे ताट रिकामे परत देऊ नये. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर ठेवावी, पण रिकामे देऊ नये. ती साखर काही कोणाच्या गरजेची नसते. ती एवढेच सांगते की तू दिलेस, आम्ही घेतले, आणि आमच्याही हातात द्यायला काही आहे.

भगिनींनो, ही चिमूटभर साखर लक्षात ठेवा. पुढे मला ती लागणार आहे.

आता पेठकडे चला. नाशिकहून पेठ रस्त्याने निघाले की सुमारे ५५ किलोमीटर. सावळघाट उतरला की मुलूख बदलतो. तिथून पुढे कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल यांचे पाडे. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंड्यासाठी पायपीट. डोंगरउतारावर नागली, वरई, उडीद, खुरासणी, आणि खाचरात भात. ज्यांनी हे शेत जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. नागलीची भाकरी ताटात येते तोवर त्या घरातल्या बाईचे हात किती वेळा लागलेले असतात पाहा. उन्हाळ्यात पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून राब भाजायचा. पहिल्या पावसावर त्या राखेत बी टाकायचे. रोप वाढले की चिखलपाण्यात वाकून आवणी. मग निंदणी. मग कणसे खुडणे, मळणी, पाखडणे, दळणे. पापड करायचे तर पिठाची उकड काढायची, लाटायचे, उन्हात वाळवायचे आणि कोंबड्यांपासून राखण करायची. एवढे करून त्या घरातली बाई कोणाकडे पाहुणी निघाली की त्यातलेच काही पदरात बांधून नेते. शेरभर नागली, वालाच्या शेंगा, नाही तर शेतातली मोठी पिकलेली काकडी. दुकानातून आणलेला पुडा नसतो. पण रिकाम्या हाताने ती जात नाही.

त्यांचे सणही असेच हाताचे असतात. वाघबारशीला गुराखी पोरे घरोघर फिरून शिधा गोळा करतात आणि रानात एकत्र शिजवून खातात. नवे धान्य घरात आले की आधी देवापुढे ठेवतात, मगच घरातले खातात. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव, तेव्हा रात्र रात्र पावरी वाजते आणि लोक फेर धरून नाचतात. होळी तर वर्षाचा सर्वांत मोठा सण, कामाला बाहेर गेलेला माणूस होळीला घरी येतोच. लग्नघरी शेजारीपाजारी तांदूळ, डाळ, सरपण घेऊन येतात, म्हणून गरिबाच्या घरचेही लग्न उभे राहते. आपल्या मंडळीत हंगामाच्या उपकारस्तुतीला आपण भोपळे, अंडी, गव्हाची पाटी, घरचा केक वेदीपुढे आणतो आणि मग त्यांचा लिलाव करतो. नव्या धान्याचे पहिले मूठभर आधी देवापुढे ठेवायचे, हे त्या पाड्यांना कोणी शिकवावे लागले नाही. आमच्या वसतिगृहातल्या सगळ्याच मुली ख्रिस्ती नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. नाताळ सगळ्या मिळून करतात, आणि होळीला सगळ्या आपापल्या पाड्यावर जातात. त्यांच्या घरच्या सणाला आम्ही मान देतो, म्हणून आमच्या सणाला त्यांचे आईबाप मोकळ्या मनाने येतात.

येतात, असे मी म्हटले खरे. पण येऊ शकतात का, हाच आजचा मुख्य प्रश्न आहे.

डोंगरउतारावरचे पीक घराला वर्षभर पुरत नाही. पाऊस संपला, भात-नागली घरात आली, की पेठ, सुरगाणा, हरसूल भागातली घरेच्या घरे मजुरीला निघतात. बरीचशी आपल्या नाशिककडेच येतात, दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत. आपल्यापासून जवळच गिरणारे आहे. तिथे पहाटे उभे राहून पाहा. मजुरांचा बाजार भरलेला असतो. बाया, पुरुष, कडेवर पोर, डोक्यावर गाठोडे. पिकअप गाड्या येतात, भाव ठरतो, टोळी गाडीत चढते. ऑक्टोबरची छाटणी झाली की बागेत काम थांबत नाही. फुटी काढायच्या, घडांची विरळणी करायची, घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे. ही कामे तिथीला बांधलेली असतात. एक दिवस चुकला तर घड हातचा जातो, म्हणून बागायतदारालाही थांबता येत नाही. त्याचीही अडचण मी समजते. काही टोळ्या रोज ये-जा करतात, काही बागेतच पत्र्याच्या खोलीत नाही तर झापात राहतात.

आता हे दिवस जरा जुळवून पाहा. आपला नाताळ येतो तो बरोबर या कामाच्या ऐन भरात. आमच्या वसतिगृहातल्या मुलींच्या आया त्या वेळी बागेत असतात. लेक घाटाच्या त्या बाजूला, आई या बाजूला. जूनमध्ये शाळेत सोडलेली पोर पुष्कळ आयांना दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस दिसते, आणि त्यानंतर एकदम होळीला. काहींची टोळी दिवाळीआधीच निघालेली असते. त्यांच्या मुली सुट्टीत आजीकडे राहतात, आणि आई दिसत नाही ती नाहीच.

अशीच एक आई काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रविवारी वसतिगृहात आली. एका दिवसाचा खाडा करून, दोन गाड्या बदलून. तिची मुलगी तेव्हा चौथीत होती. गाठोड्यात नागलीचे गूळ घालून केलेले लाडू होते, उकडलेल्या शेंगा होत्या, आणि एक पोलके. ते तिने बागेतल्या खोलीत, रात्री, हाताने शिवले होते. कापड तिच्या लग्नातल्या लुगड्याचे. काठ बाह्यांना लावला होता. टाके बारीक आणि सरळ, एकही इकडचा तिकडे नाही.

मुलीने तिथेच, सगळ्यांसमोर, ते घालायला घेतले. बाह्या कोपराच्या वर चढेनात. पाठीची बटणे एकमेकांपर्यंत पोहोचेनात. मुलगी म्हणत होती, “बसतंय, आई, बसतंय.” आणि दंड आक्रसून ओढत होती. आई नुसती पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, “एवढी वाढली, बाई, आन् म्या पाहिलंच नाही.”

तिच्या हातात माप होते ते जूनचे.

आईला निघायचे होते, संध्याकाळची गाडी होती. ती गेल्यावर आठवीतली एक मुलगी शिवणाची पेटी घेऊन आली. तिने दोन्ही बाजूंची शिवण उसवली, बगलांखाली दुसऱ्या कापडाच्या पट्ट्या घातल्या, बाह्या मोकळ्या केल्या. तुमच्याकडून त्याच आठवड्यात फ्रॉकांचे खोके आले होते. फार सुंदर फ्रॉक होते, झालर लावलेले, आणि तिच्या अगदी मापाचा एक त्यात होता. नाताळच्या उपासनेला तिने पट्ट्या लावलेले पोलके घातले. तुमचा फ्रॉक तिने नववर्षाच्या उपासनेला घातला, आणि तोही मिरवला. तेव्हा कोणी वाईट वाटून घेऊ नये. मुलांना दोन्ही हवे असते. फक्त आधी कोणते, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते.

त्या रात्री मी पवित्र शास्त्रात हन्नाची गोष्ट पुन्हा वाचली. आपण शब्बाथ शाळेपासून ती ऐकत आलो आहोत. हन्नाने देवाजवळ मूल मागितले, देवाने शमुवेल दिला, आणि तिने त्याला शिलो येथे एली याजकाजवळ ठेवले. उपदेशात आपण तिची प्रार्थना ऐकतो, तिचा नवस ऐकतो, रात्री देवाने शमुवेलाला हाक मारली ते ऐकतो. पण मधे एक लहानशी गोष्ट सांगितली आहे. ती दर वर्षी आपल्या नवऱ्याबरोबर यज्ञाला वर जाई, तेव्हा मुलासाठी एक लहान झगा शिवून नेई. एवढेच. पवित्र शास्त्रात राजे आहेत, लढाया आहेत, मंदिराची मापे आहेत, आणि त्यात एका आईने शिवलेला झगा आहे.

भगिनींनो, तुमच्यापैकी ज्या शिवण करतात त्यांनी या गोष्टीकडे शिवणकरणीच्या डोळ्यांनी पाहावे. मूल समोर नाही. एक वर्षात ते किती वाढले असेल? खांदा किती भरला असेल? हन्ना घरी बसून हाच हिशेब करत असेल. शेजारच्या बाईच्या त्याच वयाच्या मुलाला बोलावून त्याच्या पाठीला कापड लावून पाहत असेल. वर्षभर ती मुलाला पाहू शकत नव्हती, पण झगा शिवताना रोज त्याचा विचार करू शकत होती. आणि एली? एली याजक होता. त्याला शमुवेलासाठी झगा मिळवणे अवघड नव्हते. पण आईचा झगा दर वर्षी येत राहिला. शमुवेल देवाच्या मंदिरात वाढला तो आपल्या आईच्या हातचे अंगावर घालून.

आमच्यासारख्या वसतिगृह चालवणाऱ्यांनी आणि तुमच्यासारख्या मदत करणाऱ्यांनी एलीच्या जागी उभे राहून ही गोष्ट वाचली पाहिजे, असे मला वाटते. मुलाचे खाणेपिणे, शिक्षण, औषधपाणी, संस्कार हे आपल्याकडे सोपवलेले आहे. आईची जागा मात्र आपल्याकडे सोपवलेली नाही.

हे मी नाशिकमध्ये बोलते आहे याला आणखी एक कारण आहे. आपल्या शरणपूरचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस साहेबांनी ती वसाहत उभी केली. तिथे अनाथ मुले वाढली, आणि गुलामांच्या जहाजांतून सोडवून आणलेली आफ्रिकन मुलेही वाढली. तिथे त्यांनी अक्षरे गिरवली, सुतारकाम, लोहारकाम शिकले. त्यांतलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्यापर्यंत पोहोचला, त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता, आणि १८७४ च्या एप्रिल महिन्यात लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांचे दफन झाले तेव्हा तिथे हजर होता. आपण हे अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. पण मी त्या मुलांच्या आयांचा विचार करते. समुद्रापलीकडे, कोणत्या गावात, कोणाला ठाऊक. त्या मुलांसाठी झगा घेऊन येणारी हन्ना नव्हती. येऊच शकत नव्हती. तिथे ज्यांनी त्यांना कपडे शिवून दिले त्यांनी आईची जागा घेतली, कारण ती जागा खरोखर रिकामी होती.

आमच्या मुलींची गोष्ट तशी नाही. त्यांच्या आया आहेत. समुद्रापार नाहीत, निफाडला आहेत, दिंडोरीला आहेत, तुमच्या घरापासून तासाभरावर आहेत. त्यांना शिवता येते, लाडू वळता येतात, सुपे विणता येतात. त्यांच्याजवळ नाही तो फक्त एक दिवसाचा खाडा परवडण्याइतका पैसा, आणि मुलीचे आजचे माप.

माप देणे सोपे निघाले. ते कसे सुचले ते सांगते. त्याच आईचा पुढच्या वर्षी फोन आला. मोबाईल आता टोळीत एखादा तरी असतोच. तिने विचारले, “बाई, पोर किती वीत झाली?” मी मुलीच्या पाठीवर वीत टाकून मोजले आणि आकडा सांगितला. पलीकडून प्रश्न आला, “तुमची वीत का माझी?” मी हसले, पण प्रश्न खराच होता. माझा हात मोठा, तिचा लहान. टेप तिच्याजवळ नाही, सेंटिमीटर तिच्या सवयीचे नाहीत.

तेव्हा आम्ही एक पांढरी दोरी घेतली. टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत खांदा. पहिल्या गाठीपासून दुसरीपर्यंत छातीचा घेर. दुसरीपासून तिसरीपर्यंत उंची. गुंडाळी करून, मुलीच्या नावाची चिठ्ठी बांधून, पाड्यावरून बागेकडे निघालेल्या एका माणसाच्या हाती दिली. त्या डिसेंबरात पोलके आले ते अंगाला बेताचे, आणि शिवणीत दोन बोटे कापड राखलेले, पुढच्या वर्षी सोडायला. आता दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही सगळ्याच मुलींची मापे घेतो. मोठ्या मुली लहानींची घेतात. दोऱ्यांच्या गुंडाळ्या ओळीने खिडकीत लावलेल्या असतात. काही आया स्वतः शिवतात, काही दोरी शिंप्याकडे नेतात, काहींना काहीच जमत नाही. पण एका बापाने मला सांगितले की त्याच्या बायकोने ती दोरी बागेतल्या खोलीच्या भिंतीला वरपासून खाली टांगून ठेवली आहे, आणि सांगते, पाहा, आपली पोर एवढी झाली.

मुलीही भेटी करतात. काही तुम्ही पाहिल्या असतील. कामट्यांचा तारा, करकरीत खाकी कागदावर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे, चिंध्यांचा चेंडू धाकट्या भावासाठी. गेल्या वर्षी सातवीच्या मुलींनी आयांसाठी डोक्याला बांधायचे रुमाल शिवले. बागेत दिवसभर वर पाहून काम करायचे, अंगावर ऊन, केसांत पाला, औषधाचे थेंब. त्यांना आईला काय लागते हे ठाऊक होते, कारण सुट्टीत त्यांनीही तो पाला केसांतून काढलेला आहे. ज्यांच्या आयांना वाचता येत नाही त्यांनी पत्राऐवजी चित्रे काढली. सकाळची घंटा, शाळा, ताटातला वरणभात, मैत्रिणींची रांग. एकीने फक्त आपला अंथरुणाचा कोपरा काढला होता, कारण आई फोनवर नेहमी तेच विचारते, कुठे झोपतेस.

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग आम्ही पाठवणे बंद करावे काय? अजिबात नाही. इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात, गरज आणि भेट. थंडीचे पांघरूण ही गरज आहे. निफाडचा पारा किती खाली जातो हे तुम्ही दर वर्षी वर्तमानपत्रात वाचता, आणि घाटावर वारा कसा झोंबतो हे मी सांगते. ती गरज नाताळपर्यंत थांबत नाही. पांघरूण, स्वेटर, चपला, साबण, तेल, हे नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच यावे, गाजावाजा न होता यावे, आणि मुलींना कपाटातून मिळावे, जसे आपल्या मुलांना घरी मिळते. त्यासाठी त्यांनी रांगेत उभे राहून फोटो काढायला नको. आपल्या मुलांना आपण स्वेटर देताना फोटो काढत नाही.

भेट ही निराळी. भेटीत देणाऱ्याचा वेळ असतो, आणि घेणाऱ्याला उलट काही देता येते. म्हणून मघाशी मी चिमूटभर साखर लक्षात ठेवायला सांगितली. ज्या माणसाकडे आपण ताटामागून ताट पाठवतो, आणि त्याचे ताट कधी आपल्या घरात येऊ देत नाही, त्याला आपण शेजारी मानत नाही. तो नाइलाजाने घेत राहतो आणि मान खाली घालायला शिकतो. दहा वर्षांच्या मुलीला ते फार लवकर कळते. आपली आई काही देऊ शकत नाही आणि शहरातल्या बाया सगळे देऊ शकतात, असे तिच्या मनात बसले, तर आपण तिला शिकवून मोठे केले तरी तिच्या घरापासून तोडले. मग ती सुट्टीत पाड्यावर जायला लाजते, आईच्या हातची भाकरी नको म्हणते. असे होऊ नये म्हणून आपण जपले पाहिजे. शिक्षणाने मुलगी आईपेक्षा दोन पावले पुढे जावी, पण मागे वळून आईचा हात धरायला तिला लाज वाटू नये.

आपल्या लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, जलालपूरच्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ तुमच्यापैकी अनेकींनी वाचली असतील. रेव्हरंड टिळकांच्या आणि त्यांच्या घरात परकी मुले आली, राहिली, वाढली. बालकवी ठोंबरे त्यांच्याच घरातले झाले. ते पुस्तक वाचताना मला मोठी तत्त्वे आठवत नाहीत. आठवते ते स्वयंपाकघर, आलेगेलेले, हसणे, रुसवे, कमी पडलेले पीठ. नव्या घरात विश्वास रुजला तो असाच, चुलीपाशी. आमच्या मुलींच्या घरी चुली आहेत. त्या चुलीपाशी जे शिजते ते आपल्याही मेजावर आले पाहिजे.

म्हणून आता माझ्या तीन मागण्या.

पहिली. यंदा तयार फ्रॉकांऐवजी कापड, सुया, दोरे आणि कात्र्या द्या. घरातली जुनी सुती लुगडी, साड्या, धोतरे धुऊन, घड्या करून द्या. फाटकी चालतील, विटकी चालतील, पण सुतीच हवीत. ती आम्ही गोधडीसाठी वापरू. मधे धोतराचे थर, वर-खाली लुगडे, कडेपासून आत येत जाणारा धावदोरा. ज्या मोठ्या मुलींना यायचे त्यांना तुमच्यातल्या जाणत्या बायांनी एक शनिवार येऊन शिकवावे. आणि जाताना पाड्यावरच्या बायांकडून सूप कसे विणतात ते शिकून यावे.

दुसरी. डिसेंबरातल्या एका रविवारी बागांतून आईबापांना वसतिगृहात आणायला गाड्या लागतील. त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडतो, तोही भरून द्यावा लागेल. बागायतदार बंधूंपैकी कोणी आपल्या मंडळीच्या ओळखीचे असतील तर त्यांच्याशी बोला. एक दिवस टोळी सोडली तर बागेचे फार नुकसान होऊ नये असा दिवस तेच सांगू शकतील. खोक्यांवर होणारा खर्च यंदा या गाड्यांवर करा. मुलींना यापेक्षा मोठी भेट नाही, आणि ती तुमच्या नावाने वाटायची गरज नाही.

तिसरी. त्या रविवारी तुम्हीही या, आणि जेवायला या, वाढायला नको. आयांनी आणलेली नागलीची भाकरी, उडदाचे भुजे, खुरासणीची चटणी पानात पडेल. ती खा, आणि आवडली तर पुन्हा मागा. निघताना कोणी तुमच्या पिशवीत भोपळा नाही तर पापडांचा जुडगा घालेल. तेव्हा “अहो, राहू द्या, तुम्हालाच लागेल” असे म्हणू नका. आपल्या चांगुलपणापायी आपण हे वाक्य फार वेळा बोलतो. दोन्ही हातांनी घ्या, घरी न्या, आणि घरातल्यांना सांगा की हे अमुक मुलीच्या आईने दिले आहे.

मापाच्या दोऱ्या यंदाही तयार झाल्या आहेत. बऱ्याच बागांकडे गेल्या. ज्या टोळ्यांचा पत्ता अजून लागलेला नाही अशा काही गुंडाळ्या मी आज पिशवीतून सोबत आणल्या आहेत. प्रत्येकीवर मुलीचे आणि पाड्याचे नाव आहे. तुमच्यापैकी जे दिंडोरी, पिंपळगाव, ओझर, निफाडकडे राहतात किंवा कामाला जातात, त्यांनी सभा संपल्यावर एकेक घ्यावी, आणि आसपासच्या बागांत विचारून ती आईच्या हातात पोहोचवावी. काम पायपिटीचे आहे. पण सापडलेल्या आईचा चेहरा पाहाल तेव्हा मी वेगळे काही सांगायला नको.

आपण प्रार्थना करू. हे प्रेमळ पित्या, घरापासून दूर असलेल्या प्रत्येक लेकराची आणि लेकरापासून दूर असलेल्या प्रत्येक आईची तू आठवण कर. बागेत राबणाऱ्या हातांना बळ दे. आम्हाला देताना नम्र कर आणि घेताना आनंदी कर. या दोऱ्या ज्यांच्या आहेत त्यांच्यापर्यंत त्या पोहोचव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.